तोंड, जबडा आणि चेहरा: सामान्य व्यवसायातील डॉक्टरांनी तपासणी कशी करावी

तोंडातली जखम बरी होत नाही, जबडा पूर्वीसारखा उघडत नाही किंवा एका बाजूचा गाल अचानक सुजला आहे, अशी तक्रार घेऊन रुग्ण बहुतेक वेळा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे येतो, दंतवैद्याकडे जात नाही. डॉक्टर टॉर्च लावून घसा आणि टॉन्सिल पाहतात. गालाची आतली बाजू, जिभेची कड आणि खालच्या ओठामागची खाच मात्र पाहायची राहून जाते आणि रुग्णाच्या हाती बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व तोंडात लावायचे जेल पडते. जखम कर्करोगाची असेल तर असे वाया गेलेले दोन-तीन महिने रुग्णाला फार महागात पडतात. छोट्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, क्ष-किरण यंत्र हाताशी नसतानाही, कोणाला इथेच बरे करता येईल, कोणाला आठवडाभरात पुढे पाठवावे आणि कोणाला त्याच तासात पाठवावे, एवढे निश्चित ठरवता यावे, या हेतूने पुढील मांडणी केली आहे.

विचारपूस

त्रास कधीपासून आहे, हा प्रश्न तोंडाच्या आजारात सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दोन आठवडे ही येथील खरी सीमारेषा आहे. त्यानंतर वेदना सतत आहे की जेवताना, थंड पाण्याने की चावताना. तोंड पूर्वीइतके उघडते का. ओठ, हनुवटी किंवा गाल बधिर वाटतो का. दात हलू लागले आहेत का. आवाजात वा गिळण्यात काही बदल आहे का, हे क्रमाने विचारावे. मधुमेह, स्टेरॉइड, मानेला वा जबड्याला पूर्वी दिलेली रेडिएशन आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी घेतलेली झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे यांची चौकशी कधीही सोडू नये. या औषधांनंतर जबड्याचे हाड हिरडीतून उघडे पडून आठ आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले आणि त्या भागाला रेडिएशन दिलेले नसेल, तर तो औषधामुळे झालेला हाडाचा मृतपणा समजावा. ही औषधे किंवा जबड्याला रेडिएशन घेतलेला रुग्ण दाढ काढून घ्यायला निघाला असेल, तर त्याला आधी मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

तंबाखूविषयी विचारताना प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. ‘काही व्यसन आहे का?’ असे विचारले तर वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे. म्हणून ‘दात कशाने घासता?’, ‘दिवसातून किती वेळा मिश्री लावता?’, ‘तंबाखू-चुन्याचा बार कोणत्या बाजूला धरता?’, ‘रात्री तोंडात बार ठेवून झोपता का?’ असे नेमके विचारावे. विदर्भात खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रात मावा यांचे नाव घेऊनच विचारावे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असल्यामुळे काही रुग्ण गुटख्याचे नाव घ्यायला कचरतात, तेव्हा ही माहिती उपचारापुरतीच हवी आहे हे आधी सांगावे. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ या उत्तरावर समाधान मानू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात सुपारीलाही मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले आहे.

तपासणीचा क्रम

साहित्य साधेच लागते: चांगला प्रकाश, हातमोजे, दोन लाकडी पट्ट्या, गॉजचे तुकडे आणि एक छोटी मोजपट्टी. कवळी असेल तर ती काढायला सांगावी, कारण कवळीखालची जखम कवळी न काढता दिसत नाही. तोंडात पाहण्याआधी समोरून चेहरा पाहावा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कानाच्या पाळीखालचा खळगा भरून आला आहे का, त्वचेवर पू वाहणारे छिद्र आहे का, हे दुरूनच चांगले कळते. हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला महिनोन्महिने वाहणारे छिद्र बहुधा किडलेल्या दाताचे असते आणि त्यावर मलम लावून काहीच साधत नाही.

नंतर मानेतील गाठी मागे उभे राहून चाचपाव्यात: हनुवटीखाली, जबड्याखाली, जबड्याच्या कोनामागे आणि तेथून खाली मानेच्या कडेने. दुखरी, मऊ गाठ बहुधा जंतुसंसर्गाची असते. न दुखणारी, टणक आणि खाली चिकटलेली गाठ आढळली की तिचे मूळ सापडेपर्यंत तोंड पुन्हा पुन्हा पाहावे.

तोंडाच्या आत नेहमी एकाच क्रमाने जावे, म्हणजे कोणतीही जागा सुटत नाही. ओठ उलटवून आतली बाजू, दोन्ही गाल आणि गाल व हिरडी यांमधील खाच, शेवटच्या दाढेमागची जागा, हिरड्या, कठीण व मऊ टाळू, जिभेचा पृष्ठभाग आणि मग कडा असा हा क्रम ठेवावा. जिभेचे टोक गॉजमध्ये धरून जीभ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढल्याशिवाय तिच्या मागच्या कडा दिसत नाहीत, आणि कर्करोग नेमका तेथेच दडलेला असतो. शेवटी जीभ टाळूला लावायला सांगून तोंडाचा तळ पाहावा. आपल्याकडे तंबाखूचा बार गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवण्याची सवय असल्यामुळे याच खाचेतील कर्करोग सर्वांत अधिक दिसतात, म्हणून लाकडी पट्टीने गाल पूर्ण बाजूला सारून खाच तळापर्यंत पाहिली पाहिजे.

पाहून झाल्यावर बोट लावणे हा या तपासणीचा निर्णायक भाग आहे. जखमेची कड आणि तळ दोन बोटांत धरून पाहावा. साध्या तोंड येण्यातील व्रण पिवळसर असतो, त्याभोवती लाल कडे असते, तो फार दुखतो आणि हाताला मऊ लागतो. कर्करोगाची जखम अनेकदा दुखतच नाही, मात्र तिच्या कडा उंचावलेल्या आणि तळ पुठ्ठ्यासारखा कडक लागतो. हा कडकपणा एकदा बोटाला ओळखू आला की पुन्हा सहसा चुकत नाही. तोंडाचा तळ तपासताना एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून जबड्याखाली ठेवावीत.

ही तपासणी करायला दंतवैद्यच हवा असे नाही. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंड तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. जे काम कार्यकर्ते करू शकले ते आपल्या ओपीडीत डॉक्टरांनी करू नये, याला काहीही समर्थन नाही. असंसर्गजन्य आजारांच्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंडाची तपासणी सांगितलेली आहे.

जखमा, पांढरे आणि लाल चट्टे

वारंवार येणारे छोटे व्रण सात ते चौदा दिवसांत भरून येतात. एखाद्या तुटक्या दाताच्या धारेने किंवा कवळीच्या कडेने जखम झाली असेल तर ती धार घासून घ्यावी, कवळी काही दिवस बाजूला ठेवावी आणि बरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. कारण दूर करूनही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर रुग्णाला बायोप्सीसाठी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्यासाठी, पाठवलेच पाहिजे. या टप्प्यावर आणखी एक मलम, आणखी एक प्रतिजैविक किंवा आणखी पंधरा दिवस देण्याचा मोह टाळावा, ही या लेखातील सर्वांत कळकळीची विनंती आहे. रुग्ण तरुण आहे, स्त्री आहे किंवा तंबाखू खात नाही, एवढ्यावरून कर्करोगाची शक्यता सोडून देऊ नये.

पांढरा चट्टा दिसला की गॉजने हलकेच पुसून पाहावे. पुसला जाऊन खाली लाल भाग उरला तर बुरशीचा संसर्ग समजावा आणि रक्तातील साखर, दम्याच्या पंपातील स्टेरॉइड व एचआयव्ही यांचा विचार करावा. पुसला न जाणारा आणि दुसरे कारण न सापडणारा चट्टा हा ल्युकोप्लाकिया समजून त्याची बायोप्सी करवून घ्यावी. दोन्ही गालांवर जाळीदार पांढऱ्या रेषा असतील तर लायकेन प्लॅनस या त्वचेच्या व तोंडाच्या अस्तराच्या आजाराचा संशय घ्यावा. मखमलीसारखा लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा दुर्मीळ असतो, पण त्यात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. त्याला दोन आठवड्यांचीही मुदत देऊ नये. तोंडभर उथळ, दुखऱ्या जखमा महिनोन्महिने असतील आणि त्वचेवर काहीच नसेल, तरीही पेम्फिगस या फोड येण्याच्या आजाराची आठवण ठेवावी, कारण त्याची सुरुवात अनेकदा तोंडातच होते आणि फोड अंगावर उठायला काही महिने लागतात.

सुपारीने आवळत जाणारे तोंड

ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली घट्ट तंतू तयार होणे, हा आजार इतका नित्याचा आहे, आणि तो इतक्या उशिरा ओळखला जातो, की त्याच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. रुग्णाची पहिली तक्रार तोंड न उघडण्याची नसते. ‘आमटी झोंबते’, ‘ठेचा आता सोसत नाही’, अशी ती असते. विशी-पंचविशीतील मुलगा घरच्यांपेक्षा वेगळे, फिके जेवण मागू लागला तर त्याचे तोंड पाहावे. गालाचा आतला भाग गुलाबीऐवजी संगमरवरासारखा फिकट दिसतो आणि गालावर बोट फिरवले की उभे, ताणलेले पट्टे लागतात. पुढे मऊ टाळू ताठर होतो, पडजीभ आक्रसते, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही, आणि रुग्णाला गाल फुगवता येत नाहीत किंवा शीळ घालता येत नाही.

तोंड किती उघडते हे प्रत्येक भेटीत मोजून नोंदवावे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत मावली तर उघडणे साधारणपणे पुरेसे असते. वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधील अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते कमी समजावे. ‘तोंड कमी उघडते’ एवढे लिहून उपयोग नाही, कारण सहा महिन्यांनी येणाऱ्या डॉक्टरला तुलना करायला आकडाच लागतो. सुपारी, खर्रा, मावा पूर्ण बंद करणे हाच उपचाराचा पाया आहे. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि तज्ज्ञांनी दिलेली इंजेक्शने यांनी त्रास कमी होतो, परंतु एकदा घट्ट झालेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. हे तोंड कर्करोगाच्या वाटेवर असू शकते, म्हणून रुग्णाला आयुष्यभर ठरावीक अंतराने बोलवावे.

तोंड न उघडण्याची इतर कारणे झटपट वेगळी करता येतात. दोन-चार दिवसांत तोंड बंद झाले आणि ताप असेल तर अक्कलदाढेभोवतीचा संसर्ग किंवा टॉन्सिलशेजारचे गळू शोधावे. अंगावर जखम असेल आणि मान-पाठ ताठ असेल तर धनुर्वाताची शंका घ्यावी. हळूहळू, न दुखता तोंड बंद होत असेल आणि पट्टे लागत नसतील तर जबड्यामागच्या गाठीसाठी सीटी स्कॅन करवून घ्यावा.

सूज: वाट कोणाची पाहावी

गालावरची बहुतेक सूज दातातून येते. संशयित दातावर पट्टीने हलके ठोकल्यावर रुग्ण दचकतो, तोच दात बहुधा दोषी असतो. प्रतिजैविकाने सूज उतरते, पण दाताच्या मुळाशी पू तसाच राहिला तर ती परत येते. पू बाहेर काढणे आणि दाताची सोय लावणे हाच उपचार आहे, हे रुग्णाला त्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

खालच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेचा संसर्ग मात्र धोकादायक असतो, कारण या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या खाली पोहोचतात आणि पू थेट जबड्याखालच्या जागेत उतरतो. दोन्ही बाजूंनी जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज, वर उचलली गेलेली जीभ, गळणारी लाळ आणि घोगरा, दबलेला आवाज ही लुडविग अँजायनाची चिन्हे आहेत. १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन झाले, आणि आजही त्यात रुग्ण दगावतो तो बहुधा श्वासमार्ग बंद होऊन. अशा रुग्णाला आडवे झोपवू नये, झोपेचे औषध देऊ नये, घसा जबरदस्तीने पाहू नये. शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे, भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करावा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत बसवूनच पाठवावे. वरच्या ओठाच्या किंवा नाकाच्या बाजूच्या संसर्गानंतर पापण्या सुजल्या, डोळा पुढे आला किंवा दुहेरी दिसू लागले तर संसर्ग मेंदूच्या शिरांकडे चालला आहे असे समजून तीच घाई करावी.

मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखते, गाल बधिर होतो, वरच्या दाढा एकदम हलू लागतात किंवा टाळूवर काळा डाग दिसतो, तेव्हा म्यूकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) विचार पहिला आला पाहिजे. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रातील डॉक्टरांनी हा आजार जवळून पाहिला, परंतु तो त्या लाटेबरोबर संपलेला नाही. साखर आणि कीटोन तपासून, नमुन्याच्या तपासणीची वाट न पाहता, रुग्णाला अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी हलवावे.

लाळग्रंथीची सूज ओळखायला वेळ लागत नाही. जेवणाच्या वेळी जबड्याखाली फुगून तासाभरात उतरणारी सूज लाळग्रंथीच्या नळीतील खड्याची असते. खडा तोंडाच्या तळाशी बोटाला लागतोही. गालगुंडात कानाची पाळी वर उचलली जाते. कानाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ बहुधा साधी असते, पण तिच्याबरोबर चेहरा वाकडा झाला असेल तर ती कर्करोगाचीच आहे असे धरून चालावे. या गाठीला दवाखान्यात चीर देऊ नये.

वेदना

थंडाने सुरू होऊन बराच वेळ ठणकणारी, रात्री झोप मोडणारी वेदना दाताची असते. वाकल्यावर वाढणारी आणि वरच्या अनेक दाढांत एकदम जाणवणारी वेदना सायनसची असते. चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी वेदना हृदयाची असू शकते. दात निरोगी दिसत असतील तर ईसीजी काढण्यात संकोच करू नये.

ट्रायजेमिनल या चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या वेदनेत विजेचा झटका बसल्यासारखी कळ काही सेकंद येते आणि जाते. तोंड धुताना, दाढी करताना, वाऱ्याची झुळूक लागल्यावर ती सुरू होते. रुग्ण गालाला हात लावू देत नाही, आणि दुखणाऱ्या बाजूची दाढी वाढलेली दिसते. या वेदनेपायी एकामागून एक निरोगी दाढा काढून घेतलेले रुग्ण आजही भेटतात. कार्बामाझेपिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे सुरू करून हळूहळू वाढवावे, रक्तपेशी, यकृत व सोडियम तपासत राहावे आणि अंगावर पुरळ आले तर गोळी तत्काळ बंद करून यायला बजावावे. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा चेहऱ्याची संवेदना कमी झाली असेल तर एमआरआय हवाच.

जबड्याच्या सांध्याची तक्रार असलेल्यांना धीर देणे हा अर्धा उपचार आहे. कानापुढे बोटे ठेवून तोंड उघडायला लावावे आणि चावण्याचे स्नायू दाबून पाहावेत. नुसता ‘कट्’ आवाज येतो पण दुखत नाही, तर उपचाराची गरज नसते. दुखत असल्यास मऊ आहार, शेक, काही दिवस वेदनाशामक आणि दात आवळण्याची सवय सोडणे यांनी बहुतेकांना बरे वाटते. जांभई देताना जबडा निसटला तर तोंड उघडे राहते आणि कानापुढे खळगा दिसतो. एकाच बाजूचा निसटल्यास हनुवटी विरुद्ध बाजूला सरकते. अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या शेवटच्या दाढांवर ठेवावेत, आधी खाली आणि मग मागे दाबावे. उलटीचे किंवा मानसिक आजाराचे औषध घेतल्यावर जबडा वाकडा झाला असेल तर तो निसटलेला नसतो. स्नायूंचे ते आकुंचन प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने उतरते.

वाकडा चेहरा आणि मार लागलेला चेहरा

तोंड वाकडे झालेल्या रुग्णाला भुवया उंचवायला सांगावे. कपाळावर आठ्या पडत असतील आणि फक्त खालचा चेहरा लुळा असेल तर पक्षाघात समजून तातडीने पाठवावे. कपाळही हलत नसेल तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा दोष असतो. अशा वेळी कानात फोड, कानामागची सूज आणि लाळग्रंथीची गाठ पाहिल्याशिवाय ‘बेल्स पाल्सी’ (दुसरे कारण न सापडणारा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लुळेपणा) लिहू नये. विदर्भातील काही जिल्ह्यांत अजून कुष्ठरोगही आठवावा लागतो. बेल्स पाल्सीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन, साधारण ५० मिलिग्रॅम रोज दहा दिवस, साखरेवर लक्ष ठेवून द्यावे; आणि डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम व पट्टी द्यावी, कारण चेहरा बरा होईपर्यंत बुबुळावर जखम होऊ शकते.

अपघाताच्या रुग्णात आधी श्वासमार्ग आणि मान. मग एकच प्रश्न विचारावा: ‘दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का?’ बसत नसतील तर हाड मोडले आहे असे धरावे. लाकडी पट्टी दातांत घट्ट धरायला लावून ती पिरगळावी; पट्टी मोडेपर्यंत रुग्णाला धरता आली तर खालचा जबडा मोडलेला असण्याची शक्यता कमी असते. जिभेखालचा निळसर डाग, डोळ्याखालचा बधिरपणा आणि दुहेरी दिसणे यांची नोंद घ्यावी. हनुवटीवर पडलेल्या लहान मुलाला टाके घालून लगेच घरी पाठवू नये. कानापुढे दुखत असेल किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल तर त्या बाजूचा सांध्याजवळचा भाग मोडलेला असू शकतो, आणि तो दुर्लक्षिला गेला तर सांधा जुळून मुलाचे तोंड कायमचे बंद होते व जबडा खुरटतो. निखळलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचवावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

पाठवताना

चिठ्ठीवर जागा, आकार मिलिमीटरमध्ये, कडकपणा, मानेतील गाठी, तोंड उघडण्याचा आकडा आणि पहिल्यांदा कधी पाहिले ती तारीख लिहावी. शक्य असल्यास मोजपट्टी शेजारी धरून, रुग्णाच्या परवानगीने, छायाचित्र काढावे. संशयित कर्करोगाची जखम स्वतः कापून काढू नये, कारण नंतर शल्यचिकित्सकाला तिची खरी सीमा कळत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत बायोप्सी होते, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत, हे रुग्णाला व त्याच्यासोबत आलेल्या नातेवाइकाला तेथेच सांगावे. खर्चाच्या भीतीने चिठ्ठी घरच्या कपाटात पडून राहते, म्हणून रुग्णाचा फोन नंबर वहीत टिपून आठवड्याने तो पोहोचला का हे विचारावे, आणि पोहोचला नसेल तर आशाताईंमार्फत निरोप पाठवावा.